वेगासहून एका दिवसात अँटेलोप कॅनियन आणि हॉर्सशू बेंड: आधी सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करा

ताई, तुमचा प्रश्न आधी इतरांसाठी थोडक्यात मांडतो. मे महिन्याच्या शेवटी तुम्ही चौघं लास वेगासला तीन रात्री राहणार आहात: तुम्ही, तुमचे यजमान, ९ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. पहाटे वेगासहून निघून रात्री परत आणणारी एक बसची गाईडेड सहल तुम्ही पाहून ठेवली आहे. तिच्यात अँटेलोप कॅनियन ही खडकातली अरुंद घळ आणि हॉर्सशू बेंड हे कोलोरॅडो नदीचं वळण अशी दोन ठिकाणं आहेत. ती घ्यावी का, अँटेलोपच्या दोन भागांपैकी ‘अप्पर’ घ्यावं की ‘लोअर’, आणि एवढ्या प्रवासात मुलगा कंटाळेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी मूळचा अकोले तालुक्यातला, भंडारदऱ्याच्या बाजूचा. गेली १४ वर्षं ॲरिझोनात फ्लॅगस्टाफला राहतो. ही दोन्ही ठिकाणं ज्याच्या जवळ आहेत त्या पेज गावाला छोट्या व्हॅनमधून पाहुण्यांना न्यायचं, दाखवायचं आणि सुखरूप परत आणायचं, हाच माझा धंदा आहे. म्हणून फ्लॅगस्टाफच्या बाजूने माझं माप थोडं झुकलेलं असणार, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

माझं उत्तर असं: सहल जरूर करा, पण सासूबाईंना घेऊन वेगासहून एका दिवसात जाऊन-येऊन करू नका.

कारण साधं आहे. वेगास ते पेज हे अंतर सुमारे २८० मैल, म्हणजे ४५० किलोमीटर. पुण्याहून पणजीला जायचं, तिथे तीन तास फिरायचं आणि त्याच रात्री पुण्याला परतायचं, असा हा हिशोब. रस्ते उत्तम आहेत, बस थंडगार असते, तरी एका बाजूला साडेचार तास लागतातच. हॉटेलांवरून माणसं गोळा करायची, दोन ठिकाणी स्वच्छतागृहासाठी थांबायचं, जेवायचं, हे सगळं धरलं की दिवस चौदा-पंधरा तासांचा होतो. त्यातला प्रत्यक्ष पाहण्याचा वेळ जेमतेम तीन तास. तिशीतलं जोडपं हे हसत हसत करतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाचे पाय मात्र साडेचार तास बसून आखडतात, आणि नेमके आखडलेले असतानाच त्यांना वाळूत आणि जिन्यांवर उतरवायचं असतं. माझ्या पाहण्यात ज्या आजी-आजोबांना ही सहल जड गेली, त्यांतल्या बहुतेकांना चालण्याने त्रास झाला नाही, बसण्याने झाला.

तुमच्या तीन रात्रींमधली एक रात्र वेगासहून काढून पेजला किंवा फ्लॅगस्टाफला टाका. तुम्हाला ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठही पाहायचा असेलच. तो वेगासहून साधारण तेवढ्याच अंतरावर आहे, आणि तिथून फ्लॅगस्टाफ दीड तासावर. पहिल्या दिवशी ग्रँड कॅनियन पाहून रात्री फ्लॅगस्टाफ, दुसऱ्या दिवशी तिथून गाईडेड सहल. फ्लॅगस्टाफ ते पेज १३५ मैल, सव्वादोन तास. फ्लॅगस्टाफ २१०० मीटर उंचीवर असल्यामुळे मेमध्येही रात्री स्वेटर लागतो आणि झोप छान लागते.

हा रस्ताही पाहण्यासारखा आहे. गावाबाहेर पडल्यावर मागे हम्फ्रीज शिखराची रांग दिसत राहते. इथले मूळ रहिवासी असलेल्या नवाहो लोकांच्या चार दिशांच्या चार पवित्र पर्वतांपैकी पश्चिमेचा हा. मग पाइनचं जंगल संपतं आणि रस्ता जवळजवळ हजार मीटर खाली वाळवंटात उतरतो. कॅमेरॉनजवळ टेकड्यांवर राखाडी, गुलाबी, जांभळट पट्टे दिसू लागतात. पुढे डाव्या-उजव्या हाताला नवाहो कारागिरांच्या लाकडी टपऱ्या लागतात, चांदी आणि पिरोजाच्या दागिन्यांच्या. तिथे थांबा आणि विकणाऱ्या बाईंशी बोला, कारण पुष्कळदा तो दागिना त्यांनी किंवा त्यांच्या घरातल्या कुणीतरीच घडवलेला असतो. पेजच्या थोडं अलीकडे रस्ता डोंगर चढतो आणि एका कापलेल्या खिंडीतून जातो. तिथल्या थांब्यावरून खालच्या सपाट मैदानात एक वेडीवाकडी काळी भेग दिसते. ती भेग म्हणजे मार्बल कॅनियन, आणि तिच्या तळाशी कोलोरॅडो नदी. कॅनियन म्हणजे नेमकं काय, हे मी आलेल्या पाहुण्यांना इथे उभं करून दाखवतो. आपल्याकडे सह्याद्रीत डोंगर वर दिसतो आणि दरी त्याच्या पायथ्याशी. इथे जमीन सपाट असते आणि दरी पायाखाली असते.

आता अप्पर की लोअर. माझं उत्तर अप्पर, आणि त्याला पैशांशी काही देणंघेणं नाही.

दोन्ही एकाच ओढ्याने कोरलेल्या घळी. अप्परचं नवाहो नाव आहे ‘त्से बिघानिलिनी’, खडकातून पाणी वाहतं ती जागा. आपण शिवथरघळ म्हणतो त्या अर्थाने घळ हाच शब्द इथे चपखल बसतो. अप्परची घळ खाली रुंद आणि वर निमुळती, इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी. तुम्ही जमिनीच्या पातळीवरूनच आत शिरता, पायाखाली वाळू असते, आणि आतली चाल २०० मीटरच्या आसपास. लोअर उलटी, ‘व्ही’सारखी, वर रुंद आणि खाली अरुंद. तिथे जमिनीतल्या भेगेत उभ्या लोखंडी जिन्यांनी उतरावं लागतं, काही ठिकाणी जिना इतका उभा की तोंड जिन्याकडे करून उतरणं बरं. आत पाऊल तिरकं टाकावं लागतं, खांदे वळवावे लागतात. तुम्ही दोघं आणि मुलगा असतात तर मी डोळे मिटून लोअर सांगितलं असतं, कारण घळीशी झटापट करत जाण्याची मजा तिथे जास्त आहे. सांदण दरी केलेल्या माणसाला लोअर ओळखीची वाटते. सासूबाईंसाठी मात्र अप्परच.

अप्परलाही दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्यांना ऐन वेळी धक्का बसणार नाही. वाहनतळापासून घळीच्या तोंडापर्यंत नवाहो गाईड आपल्या गाडीतून वाळूच्या कोरड्या ओढ्यातून नेतो. गाडी चांगलीच उसळते, कंबरेचं दुखणं असेल तर पुढची सीट मागून घ्या. आणि गर्दी एकमेकांना आडवी येऊ नये म्हणून हल्ली परतीची वाट घळीतून नसते, बाहेरून चढ-उताराची असते. बुकिंग करतानाच ‘आमच्यासोबत गुडघ्याचा त्रास असलेल्या ज्येष्ठ बाई आहेत’ असं स्पष्ट लिहून कळवा.

तुम्ही पाठवलेल्या वर्णनात नुसतं ‘अँटेलोप कॅनियन’ एवढंच लिहिलं आहे. ही फार नेहमीची अडचण आहे. वेगासहून निघणाऱ्या स्वस्त सहलींमध्ये अनेकदा लोअर असतं, कधी जवळचीच ‘कॅनियन एक्स’ असते, आणि अप्परला वरचे पैसे लागतात. पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारा: कोणती घळ, आत शिरण्याची वेळ किती वाजताची, नवाहो उद्यानाचं शुल्क धरलं आहे की तिथे रोख द्यायचं, जेवणात शाकाहारी पर्याय आहे का, आणि हवामानामुळे घळ बंद झाली तर किती पैसे परत. शेवटच्या प्रश्नाचं गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरी कंपनी पाहा.

वेळेबद्दल. अप्परमध्ये छतातल्या फटीतून प्रकाशाचे ते प्रसिद्ध झोत पडतात, ते साधारण मार्चअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, सूर्य डोक्यावर असताना. मेअखेरीस तुम्हाला दुपारी अकरा ते एकच्या दरम्यान ते मिळतील. त्या वेळेचं तिकीट महाग असतं आणि काही महिने आधीच संपतं. पण माझा अनुभव विचाराल तर झोत नसलेली सकाळी नऊची घळही तितकीच सुंदर असते, आणि गर्दी कमी असल्याने वयस्कर माणसाला मनासारखं थांबता येतं. झोत मिळाला तर आनंद आहे, पण त्याच्यासाठी सासूबाईंना भर दुपारी रांगेत उभं करू नका. शक्य असेल तर मेमधल्या शेवटच्या सोमवारला जोडून येणारे सुट्टीचे दिवसही टाळा. त्या दिवशी अमेरिकेत मेमोरियल डेची सुट्टी असते आणि पेजमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

घळीत काय पाहायचं, ते आता सांगतो, कारण बहुतेक माणसं फोनच्या काचेतून पाहून परत येतात. भिंतीच्या अगदी जवळ जा, हात न लावता, नाकासमोर वीतभर अंतर ठेवून. तुम्हाला बारीक तिरप्या रेघा दिसतील, एकावर एक, कुठे डावीकडे झुकलेल्या, कुठे उजवीकडे. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी इथे वाळूचे प्रचंड डोंगर होते, आणि वाऱ्याने त्यांच्या उतारावर जे थर लोटले त्यांच्या या कडा आहेत. पुढे ती वाळू दबून खडक झाली, त्याला नवाहो सँडस्टोन म्हणतात. या खडकाला भेगा पडल्या, आणि पावसाळी लोंढे वाळू घेऊन त्या भेगांतून घुसू लागले. भिंतींची ही मोठी, वळणदार, गुळगुळीत लाट त्या पाण्याची. म्हणजे रेघा वाऱ्याने काढलेल्या आहेत आणि वळणं पाण्याने. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिले असतील तर पाणी दगड कसा घासतं हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे काळा बेसाल्ट आणि गरगरणारे गोटे, इथे मऊ वालुकाश्म आणि वाळूच. खडकातल्या लोहामुळे रंग तांबडा. वरून आलेला उजेड एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत खाली येतो, म्हणून माथ्याकडे पिवळा, मध्ये केशरी आणि तळाशी जांभळा दिसतो.

मग मान वर करा. दोन भिंतींच्या मध्ये, तुमच्या डोक्याच्या खूप वर, एखादा ओंडका अडकलेला दिसेल. तो कुणी ठेवलेला नाही. पुराचं पाणी तिथपर्यंत चढलं होतं आणि ओसरताना तो तिथेच राहिला. मी प्रत्येक पाहुण्याला तो दाखवतो, कारण पुढचं बोलणं त्याशिवाय पटत नाही.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअरमध्ये पुराचा लोंढा आला आणि ११ पर्यटक मरण पावले. घळीवर तेव्हा फारसा पाऊस नव्हता. वादळ कोसळलं ते काही मैल दूर, ओढ्याच्या वरच्या अंगाला. तिथल्या उघड्या खडकावर पाणी मुरत नाही, ते सरळ वाहत येतं आणि या एका भेगेत घुसतं. वाहून गेलेल्यांपैकी दोघे कधीच सापडले नाहीत. त्यानंतर लोअरमध्ये खडकाला बोल्टने घट्ट बसवलेले लोखंडी जिने आले, हवामानाचे रेडिओ आले, आणि गाईडशिवाय कुणालाही आत सोडत नाहीत. तुम्ही मेमध्ये येताय ते एका अर्थी चांगलं आहे, कारण इथला वळवासारखा गडगडाटी पाऊस मुख्यतः जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतो. तरी नियम बारा महिने एकच: घळ बंद म्हणजे बंद.

मागे एका ऑगस्टमध्ये माझ्या व्हॅनमध्ये आठ जण होते, दोन मराठी कुटुंबं, एक कॅलिफोर्नियातून आलेलं आणि एक नाशिकहून. घळीच्या तोंडाशी पोहोचलो आणि नवाहो गाईड बाईंनी रेडिओवर दोन वाक्यं ऐकली, गाडी वळवली. वर निळंभोर आकाश. नाशिकचे काका फार चिडले, इतक्या लांबून आलोय, दोन मिनिटं तरी बघू द्या म्हणाले. बाई काही बोलल्या नाहीत, गाडी चालवत राहिल्या. वाहनतळाच्या उंचवट्यावर येऊन आम्ही पाणी पीत उभे होतो. तासाभराच्या आतच ज्या कोरड्या ओढ्यातून आम्ही आलो होतो तिथे चॉकलेटी रंगाचं पाणी आलं, आधी जिभेसारखं पुढे सरकत, मग एकदम कमरेएवढं, वर झुडपांच्या फांद्या गोल गोल फिरत. काका बराच वेळ ते पाहत उभे होते. मग बाईंजवळ जाऊन त्यांनी हात जोडले.

हे सगळं नवाहो लोकांच्या जमिनीवर आहे. नवाहो नेशन सुमारे २७ हजार चौरस मैलांवर पसरलं आहे, महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव भागाएवढं, आणि त्याचं स्वतःचं सरकार आहे, पोलीस आहेत, उद्यान विभाग आहे. ते स्वतःला ‘दिने’ म्हणवतात. घळ १९९७ पासून त्यांचं आदिवासी उद्यान आहे, आणि नवाहो नेशनचा परवाना असलेल्या गाईडबरोबरच आत जाता येतं. म्हणून वेगासची किंवा माझी गाडी तुम्हाला फक्त दारापर्यंत आणते, पुढचा तास-दीड तास तुम्ही त्यांचे पाहुणे असता. भिंतीला हात लावू नका, वाळू खिशात भरू नका, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. जुनी नवाहो मंडळी घळीत शिरण्यापूर्वी क्षणभर थांबून मन शांत करत, मगच आत जात. एकदा माझ्याबरोबर आलेल्या साताऱ्याच्या आजींनी दाराशी चपला काढायला घेतल्या. मी म्हटलं, आजी, वाळू तापलीय, राहू द्या. तेव्हा त्यांनी नुसते हात जोडले आणि डोळे मिटले. नवाहो गाईड तरुण पोरगा होता. त्याने टोपी काढली, सगळ्या गटाला थांबवलं आणि आजींचे डोळे उघडेपर्यंत कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. निघताना त्यांच्या भाषेत ‘अहेहे’ म्हणा, त्याचा अर्थ आभार. टीप वेगळी द्यायची असते, माणशी ५ ते १० डॉलर, रोख. बसच्या चालकाची वेगळी.

घळीत पिशवी चालत नाही. पाठीवरची नाही, खांद्यावरची नाही, कमरेची छोटीसुद्धा नाही. ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिकही नाही. फोन किंवा कॅमेरा आणि पारदर्शक पाण्याची बाटली, एवढंच. सासूबाईंची पर्स गाडीत राहणार, म्हणून साखरेच्या चार गोळ्या किंवा खडीसाखर त्यांच्या खिशात असू द्या, आणि म्हणूनच त्यांना खिसा असलेले कपडे घालायला सांगा. साडी या दिवसापुरती नको, सलवार किंवा पँट बरी. बूट बंद आणि रबरी तळव्याचे हवेत, वाळूत चपला मागे ओढतात. वसंतात इथे वारा फार असतो, वरून बारीक वाळू झरते, ओढणी नाकावर घेता येईल अशी ठेवा. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर चष्मा घालून या.

फोनबद्दल एवढंच: फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर सगळा रंग मरतो. आयफोन असेल तर कॅमेऱ्यातलं ‘व्हिव्हिड वॉर्म’ फिल्टर लावा. नवाहो गाईड बहुतेक वेळा आपणहून फोन मागून घेऊन ते लावून देतात, आणि कुठल्या कोपऱ्यात उभं राहिलं की कुठला आकार दिसतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. त्यांना काढू द्या.

हॉर्सशू बेंड पेज गावापासून दहा मिनिटांवर आहे. कोलोरॅडो नदी इथे घोड्याच्या नालेसारखी वळते, आणि तुम्ही ३०० मीटर वरून, थेट कड्यावरून ते वळण पाहता. कधी काळी ही नदी सपाट जमिनीवर रेंगाळत, वळणं घेत वाहत होती. पुढे हे सगळं पठार उचललं गेलं. नदीने आपली वळणं सोडली नाहीत, त्याच वळणांनी ती खाली खाली कापत गेली. म्हणून मैदानी नदीची नागमोड इतक्या खोल दगडात सापडते.

वाहनतळापासून कड्यापर्यंत १.२ किलोमीटर, वाट रुंद, घट्ट आणि सौम्य उताराची आहे, चाकाची खुर्चीही जाते. पण येताना तोच उतार चढ होतो आणि सावली जवळपास नाहीच, वाटेत विसाव्याला एखाद-दुसरा मांडव आहे तेवढाच. सासूबाईंना जाऊन-येऊन सव्वा तास द्या. काही सहली इथे फक्त ४५ मिनिटं देतात, तेही आधी विचारून घ्या. स्वतःची गाडी आणलीत तर पेज नगरपालिकेचं पार्किंग शुल्क मोटारीला १० डॉलर असतं आणि राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास तिथे चालत नाही.

कड्यावर कठडा आहे, पण थोड्याच भागाला. बाकी सगळा कडा मोकळा, आणि खडक पुष्कळ ठिकाणी छज्जासारखा पुढे आलेला, खालून पोकळ. वरून उभं असताना ते कळत नाही, बाजूला पन्नास पावलं जाऊन पाहिलं की कळतं. इथून पडून माणसं गेली आहेत, २०१८ साली एक १४ वर्षांची मुलगीही. मुलाचा हात यजमानांच्या हातात, आणि फोटो कठड्याच्या आतूनच. फोनवर ०.५ची रुंद लेन्स लावली की पूर्ण नाल तिथूनच चौकटीत बसते. सकाळी लवकर तळ सावलीत असतो, संध्याकाळी सूर्य अगदी समोरून डोळ्यांत येतो. नदी स्वच्छ दिसायला सकाळी साडेनऊनंतरचा, ऊन फार चढण्यापूर्वीचा वेळ सगळ्यात चांगला. म्हणून मी आधी बेंड करतो आणि मग घळ, बहुतेक बसेस उलटं करतात.

पाण्याचा रंग पाहून तुम्हाला प्रश्न पडेल. ‘कोलोरॅडो’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ तांबूस, आणि खाली तर पाणी हिरवंगार. कारण पाच मैल वरच्या अंगाला ग्लेन कॅनियन धरण आहे. २१६ मीटर उंच, कोयनेच्या दुपटीहून जास्त. १९६३ साली पाणी अडवायला सुरुवात झाली, आणि तेव्हापासून तांबडा गाळ जलाशयाच्या तळाशी बसतो, पुढे खोलातलं थंड, निवळ पाणी सुटतं. जॉन वेस्ली पॉवेल या एका हाताच्या माणसाने १८६९ साली लाकडी होड्यांतून ही नदी उतरून वरच्या दरीला ग्लेन कॅनियन नाव दिलं. आज ती बहुतेक दरी ज्या जलाशयाखाली आहे, त्याला त्याच पॉवेलचं नाव आहे. पेज गाव तरी कशासाठी वसलं? १९५७ साली, या धरणाच्या कामगारांसाठी. धरणाजवळच्या अभ्यागत केंद्रात अर्धा तास थांबा, तिथे गारवा आहे, स्वच्छतागृह आहे, आणि खिडकीतून धरण पूर्ण दिसतं.

घड्याळाची गंमत सांभाळा. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण नवाहो नेशन आणि युटा करतात. वेगासहून पेजला येताना बस युटातून येते, तिथे फोन आपोआप एक तास पुढे जातो, पेजमध्ये मागे येतो, आणि गावाबाहेर दोन पावलं गेलात की कधी पुन्हा पुढे. उन्हाळ्यात वेगास आणि पेजची वेळ एकच असते, आणि अँटेलोपच्या सहली पेजच्या वेळेनेच चालतात. फोन हाताने फिनिक्सच्या, म्हणजे ॲरिझोनाच्याच वेळेवर लावून टाका. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाची अप्परची वेळ केवळ या गोंधळात हुकली होती, आणि हुकलेली वेळ परत मिळत नाही.

मेअखेरीस पेजला दुपारी तापमान तिशीच्या थोडं वर असतं. आकडा पुण्याचाच वाटतो, पण हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याचं कळतच नाही, तो लगेच उडतो. सासूबाई ‘तहान नाही’ म्हणतील. तरी दर अर्ध्या तासाने घोट घोट पाणी पाजत राहा. सोबत दशम्या, दाण्याची चटणी, ताकाऐवजी मीठ-साखरेचं पाणी. दशमी चार तास बसमध्ये राहूनही मऊ असते, आणि जेवणाच्या डब्यातलं थंड सँडविच त्यांना आवडेल याची खात्री नाही. कॅमेरॉनला फ्राय ब्रेड मिळतो, मोठ्या भटुऱ्यासारखा. १८६४ मध्ये नवाहो लोकांना सैन्याने त्यांच्या मुलखातून शेकडो मैल चालवत नेऊन छावणीत डांबलं. तिथे शिध्यात पीठ आणि चरबी मिळायची, त्यातून हा पदार्थ आला असं ते सांगतात. १८६८ च्या करारानंतर ते आपल्या भूमीत परत आले, हा पदार्थ बरोबर घेऊन. शाकाहारी असाल तर तळण तेलातलं आहे की डुकराच्या चरबीतलं, हे विचारून घ्या. कुणी वाईट मानत नाही.

तरीही वेगासहून एका दिवसातच करायचं ठरलं, तर मोठ्या बसपेक्षा बारा-चौदा जणांची व्हॅन घ्या, सासूबाईंना खिडकीजवळची पुढची जागा मागा, प्रत्येक थांब्यावर त्यांना दहा मिनिटं चालवा, आणि दुसरा दिवस पूर्ण मोकळा ठेवा.

मुलगा कंटाळेल का, याचं उत्तर त्याला काम देण्यात आहे. घळीत त्याला अडकलेले ओंडके शोधायला सांगा. बेंडवर खाली नदीत होड्या मोजायला सांगा, त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या दिसतात, आणि मग त्या दाण्यात माणसं बसली आहेत हे सांगा, तो पाचच मिनिटांत कड्याची उंची समजेल. आणि फ्लॅगस्टाफहून आलात तर परतताना २५ किलोमीटरचा फाटा घेऊन नवाहो पुलावर जा. तिथे दोन पूल शेजारी शेजारी आहेत, १९२९ चा जुना आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी, नदी १४० मीटर खाली. त्या पुलाच्या लोखंडी पट्ट्यांवर कॅलिफोर्निया काँडर बसलेले असतात, पंख पसरले की जवळजवळ तीन मीटरचं गिधाड. १९८२ साली हे पक्षी जगात २२ उरले होते. पैदास करून १९९६ पासून इथल्या कड्यांवर सोडले गेले, आणि ओळखण्यासाठी पंखावर आकड्याचा बिल्ला लावला. मुलाकडे दुर्बीण द्या आणि आकडा वाचायला सांगा. तो वाचतो तेवढ्या वेळात सासूबाईंना पुलाच्या टोकाशी बाकावर बसू द्या, तिथे वारा छान लागतो.